मागचे आधी निघाले

बऱ्हाणपुरात मनगटावर घड्याळ नसलं तरी अडत नाही; रस्त्यावरच्या सायकली पाहून वेळ सांगता येते. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेल्या सायकली दिसल्या की पहाट झाली. समोरासमोरून सायकलींचे दोन लोंढे आले की मागांची पाळी बदलली. रात्रपाळी संपवून येणाऱ्याच्या केसांत कापसाचं पीस असतं आणि दिवसपाळीला जाणाऱ्याच्या केसांना तेल असतं, एवढ्यावरून कोण कुठं निघालंय ते ओळखावं. अलीकडे मोटारसायकली वाढल्या, लोंढे विरळ झाले. पण गाव अजून पॉवरलूमचंच आहे. मोगलांच्या काळात इथलं कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत जात असे, असं त्या वेळचे परदेशी प्रवासी लिहून गेलेत. आता इथं अस्तराचं आणि बकरमचं कापड विणलं जातं. मुमताजमहल 1631 साली इथेच वारली, आधी तापीपलीकडे जैनाबादेत पुरली गेली आणि मग आग्र्याला नेली गेली, हे आम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगतो. बकरमचं कुणाला सांगत नाही.

2023 च्या उन्हाळ्यात आमच्या गावातल्या काही उत्साही मंडळींनी पंढरपूरची सायकलवारी काढायचं ठरवलं. कल्पना आमची नव्हे. 2012 साली नाशिकच्या सायकलस्वारांनी नाशिक ते पंढरपूर अशी वारी सुरू केली आणि त्यानंतर ठिकठिकाणचे गट आषाढीच्या आधी पंढरीच्या वाटेला लागले. माझ्या पिढीच्या माणसाला मात्र सायकलींचा जथा म्हटलं की आधी बाबा आमटे आठवतात. 24 डिसेंबर 1985 रोजी, साने गुरुजींच्या जयंतीला, शंभराहून अधिक तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेनं निघाले होते. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसणं अशक्य झालेलं. ते गाडीत आडवे पडून पोरांच्या बरोबर पाच हजारांहून अधिक किलोमीटर गेले. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, शाळेत नुकताच चिकटलो होतो. सकाळी वर्तमानपत्रात ते सारं वाचायचं आणि सायकलला टांग मारून पहिल्या तासाला हजर व्हायचं, एवढाच माझा त्या अभियानाशी संबंध. पुढे पस्तीस वर्षं मी हिंदी माध्यमात भूगोल शिकवला. मराठी घरात, देवघरात आणि दिवाळी अंकात राहिली. त्यामुळे वारीची बातमी कानावर आली तेव्हा बासष्टाव्या वर्षीही आपण जावं, असं फार वाटलं. निम्मं कारण विठोबा आणि निम्मं कारण पाच दिवस मराठी बोलत जाता येईल हे. खोटं कशाला सांगू?

पहिली बैठक एका डॉक्टरांच्या दवाखान्याच्या गच्चीवर झाली. डॉक्टर हे या सगळ्या खटाटोपाचे म्होरके, माणूस शिस्तीचा आणि मनानं चांगला. छापील कागदावर अटी होत्या: सायकल गिअरची हवी, डोक्याला हेल्मेट हवं, ताशी 20 किलोमीटरचा वेग राखता यायला हवा, वर्गणी 2500 रुपये. मंडळी जमली ती वकील, बँकेतले दोघे, व्यापाऱ्यांची तरणी मुलं, कॉलेजातल्या दोन मुली, मी. सायकलींच्या किमती ऐकून मला माझ्या पहिल्या वर्षाचा पगार आठवला.

आणि कोपऱ्यात मामा उभे होते. त्यांना सगळं गाव मामाच म्हणतं. वय पंचावन्नच्या आसपास. एका कारखान्यात मागावर काम करतात. खाली रस्त्यावर त्यांची सायकल लावलेली: बावीस इंची, काळी, सळईचे ब्रेक, मागे भक्कम कॅरिअर. डॉक्टरांनी गच्चीवरूनच ती पाहिली.

"मामा, वीस-बावीस किलोची सायकल आहे ही. गिअर नाहीत. पाचशे किलोमीटर जायचंय आपल्याला."

"डाक्टरसाहेब, ही रोज बारा किलोमीटर जाते. चाळीस वर्षं झाली. तुम्हीच हिशेब करा."

बँकेतल्या एकानं खरंच हिशेब केला. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी जवळजवळ दीड लाख किलोमीटर. म्हणजे पृथ्वीला साडेतीन प्रदक्षिणा. गच्चीवर हशा झाला. पण तो मामांना हसणारा नव्हता. तरीही कुणीसं म्हणालंच की मामा काही 'सायकलिस्ट' नाहीत. हे मला फार गमतीचं वाटलं. जो रविवारी सायकल चालवतो तो सायकलिस्ट, आणि जो सोमवार ते शनिवार चालवतो तो नुसता कामगार!

मामांच्या येण्यामागचं कारण मला आधीपासून ठाऊक होतं. त्यांचे वडील मुक्ताबाईच्या पालखीबरोबर चालत जात. मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून निघणारी ही पालखी बुलढाणा, जालना, बीड अशी महिनाभराहून अधिक चालते. पंढरीला येणाऱ्या मानाच्या पालख्यांत इतक्या लांबून पायी येणाऱ्या थोड्याच. वडिलांच्या वेळी हातमाग घरात होता. बाप वारीला गेला की आई माग चालवायची. मामांच्या वाट्याला पॉवरलूम आला. तिथं मजुरी कापडावर. मीटर पडले तर पैसे पडले. "गुर्जी, महिनाभर माग सोडायचा म्हणजे महिनाभर चूल सोडायची," असं ते म्हणत. पायी वारी त्यांच्या आयुष्यात बसलीच नाही. पाच दिवस मात्र बसत होते. तेवढे दिवस साडू त्यांचे माग सांभाळणार होता. वर्गणी त्यांनी दोन हप्त्यांत दिली आणि गिअरच्या अटीसमोर डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं 'शक्यतो' असा शब्द लिहिला.

मला काम मिळालं ते शेवटच्या माणसाचं. जथ्यानं सायकली निघाल्या की एक ठरलेला माणूस सर्वांत पुढे असतो आणि एक सर्वांत मागे. पुढच्याला वाट माहीत हवी. मागच्याला घाई नको. पंप, पंक्चरचं सामान, गोळ्या-औषधं त्याच्यापाशी. त्याच्या मागे कुणीही उरता कामा नये. माझे गुडघे पाहता हे पद मला न मागता मिळणारच होतं. त्यामुळे पाचही दिवस माझ्यापुढे कुणाची पाठ होती, तर ती मामांची.

14 जूनला, योगिनी एकादशीच्या पहाटे आम्ही निघालो. तापीच्या पुलावर आलो तेव्हा अंधार होता. खाली पाणी थोडं आणि खडक फार. त्या वर्षी पाऊस लांबला होता. अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ घोंगावत होतं आणि इकडे नुसता वारा. शाहपूर मागे पडलं, दोन्ही हातांना केळीच्या बागा आल्या, उजाडता उजाडता इच्छादेवीची टेकडी दिसली. इच्छापूर हे मध्य प्रदेशाचं शेवटचं गाव. सायकलवरून सरहद्द ओलांडण्यात एक मजा आहे. मोटारीत ती कळतच नाही. दोन्हीकडे तीच काळी माती, तीच केळी, पाट्यांवरची लिपीसुद्धा तीच. पण मघापर्यंत 'धीरे चलें' म्हणणारा रस्ता एकाएकी 'वाहने सावकाश चालवा' म्हणू लागतो. माझ्या पुढे मामांनी मान वळवून ती पाटी मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, "हे आपल्याला सांगून काय उपयोग? याहून सावकाश कसं चालवणार?"

भूगोलाचा मास्तर असल्यानं एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढं जाववत नाही. 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत बऱ्हाणपूर आणि बुलढाणा ही दोन्ही गावं एकाच राज्यात होती. त्या राज्याचं नाव मध्य प्रदेश आणि राजधानी नागपूर. मधलं मुक्ताईनगर, म्हणजे तेव्हाचं एदलाबाद, पूर्व खानदेशात, मुंबई राज्यात. म्हणजे त्या काळी कुणी आमच्यासारखा पहिल्या मुक्कामाला बुलढाण्यास निघाला असता, तर मध्य प्रदेशातून निघून, मुंबई राज्य ओलांडून, मलकापूरला पुन्हा मध्य प्रदेशात शिरला असता! राज्य पुनर्रचनेत विदर्भातले मराठी जिल्हे इकडे आले, निमाड तिकडेच राहिलं. माझ्या वडिलांच्या मॅट्रिकच्या दाखल्यावर नागपूरचा शिक्का आहे, माझ्या दाखल्यावर भोपाळचा. घर तेच, ओटा तोच. असो.

पूर्णेचा पूल ओलांडून मुक्ताईनगरला आलो. मुक्ताबाई इथल्याच तापीतीरावर 1297 साली वीज कडाडली त्यात अंतर्धान पावली, अशी श्रद्धा आहे. आमच्या राजघाटावरून गेलेलं तापीचं पाणी इथून जवळच चांगदेवापाशी पूर्णेला भेटतं. तेव्हा आमचं आणि तिचं नातं पाण्याचंच आहे, असं मी मुलांना शिकवत असे. ते अभ्यासक्रमात नव्हतं. मंदिरात सगळ्यांनी दर्शन घेतलं. मामा जरा जास्त वेळ आत राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी पायऱ्यांवर बसून चपला झटकल्या आणि म्हणाले, "बाबा इथून पायी निघायचे. मी इथवर तर सायकलवर आलो, म्हणजे पहिलाच हप्ता जास्तीचा भरला की नाही?"

मलकापूरपर्यंतचा चौपदरी रस्ता सुखाचा. मोताळ्याच्या पुढे मात्र राजूरचा घाट आहे. दुपारचे तीन वाजून गेले होते, डांबर पायाखाली मऊ लागत होतं. गिअरवाले लहान चाकावर साखळी टाकून टुकटुक करत वर गेले. मामा खाली उतरले आणि सायकल ढकलू लागले. मीही उतरलो, ते ढकलत असताना मी चालवीत जाणं बरं दिसलं नसतं, शिवाय मला चालवताही येत नव्हती. अर्ध्या घाटात त्यांच्या सायकलीचा कॉटर ढिला झाला, पॅडल लटकू लागलं. त्यांनी रस्त्याकडेचा दगड उचलला, दुसरा खाली धरला, चार घाव घातले आणि पुन्हा चालू लागले. बुलढाण्याच्या शाळेत आम्ही पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बाकीचे दीड तास आधी येऊन, अंघोळी उरकून, जेवणासाठी आमची वाट पाहत होते. जेवायला कुणी आधी बसलं नाही हे खरं. पण भुकेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे असतं ते लपत नाही.

दुसरा दिवस, चिखली-देऊळगाव राजा-जालना, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ऊन होतं, वारा होता, उसाचा रस होता. आम्ही दोघे पुन्हा मागे राहिलो, पुन्हा उशिरा पोहोचलो. त्याच संध्याकाळी बिपरजॉय गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं, असं कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवलं. आणि त्याच रात्री, जालन्याच्या एका मंगल कार्यालयात सतरंज्या अंथरल्यावर, जे दोन दिवस कुणी बोललं नव्हतं ते बोललं गेलं.

सुरुवात एका तरुण मुलानं केली. मुलगा वाईट नव्हता. तो म्हणाला, उद्या बीडचा टप्पा शंभराच्या वर आहे, समोरून वारा आहे, वेळापत्रक कोलमडतंय. मामांनी अर्धं अंतर टेम्पोत बसून यावं, सायकलही टेम्पोत चढवू. सामानाचा टेम्पो आमच्या मागोमाग येतच असे. दोघाचौघांनी माना हलवल्या. वकीलसाहेबांनी अट क्रमांक तीनचा, म्हणजे ताशी 20 किलोमीटरचा, उल्लेख केला. डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले, "मामा, तुमच्या तब्येतीच्या काळजीनं म्हणतोय आम्ही."

मामा भिंतीला टेकून पायाला तेल चोळत होते. ते चोळतच राहिले.

"साहेब, मी थकलो तर टेम्पोत बसेन. त्यात लाज कसली? पण माझ्यामुळं तुम्ही थकलात आणि म्हणून मी बसायचं, हे काही माझ्या ध्यानात येत नाही."

कार्यालयातले पंखे तेवढे आवाज करत होते.

त्या क्षणी मला दोन्ही बाजू दिसत होत्या, हे मी मुद्दाम सांगतो. सव्वीस जणांनी रजा काढून, घरच्यांची समजूत घालून पाच दिवस मिळवले होते. वेगानं जाण्यात त्यांना आनंद होता, आणि तो आनंद काही पाप नव्हे. उन्हात अर्धा-अर्धा तास कुणाची वाट पाहत उभं राहिलं की स्नायू आखडतात, मग पुढचं अंतर जड जातं. हे सारं खरं. पण मामांच्या पाच दिवसांची किंमत रजेच्या अर्जात मोजता येण्यासारखी नव्हती. त्यांचे पाच दिवस म्हणजे तेवढे मीटर कापड. आणि टेम्पोत बसून गेलेली वारी ही त्यांच्या लेखी वारी नव्हती; तिकीट काढून ते पंढरपूरला कधीही जाऊ शकले असते.

तोडगा कुणी काढला, तर कॉलेजातल्या दोघींपैकी एकीनं. तोवर ती कुठल्याच चर्चेत बोलली नव्हती. ती म्हणाली, "सर आणि मामा आपल्या आधी दोन तास निघाले तर? मग आपण त्यांना गाठू. वाट पाहायला लागणारच नाही."

इतकी साधी गोष्ट. शाळेत आपण हे गणित घालतो: एक माणूस ताशी इतक्या वेगानं आधी निघाला, दुसरा ताशी इतक्या वेगानं मागून निघाला, तर ते कुठं भेटतील? मी स्वतः शेकडो मुलांकडून ते सोडवून घेतलं असेल. त्या गणितातले दोघे एकमेकांना भेटायला उत्सुक असतील, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं. वकीलसाहेबांनी शंका काढली की शेवटचा माणूस पहिला निघाला तर मागे कोण राहणार? डॉक्टर म्हणाले, "मी राहतो." तिथं तो विषय संपला.

तिसऱ्या पहाटे साडेतीनला आम्ही दोघे जालन्यातून बाहेर पडलो. अमावास्या जवळ आलेली. थोड्या वेळानं पूर्वेला चंद्राची नखाएवढी कोर उगवली. माझ्या सायकलीला बॅटरीचा दिवा होता, मामांच्या सायकलीला डायनॅमो. तो चाकाला घासून गुरगुरतो. मामा जोर लावतील तसा उजेड वाढतो, थांबले की विझतो. त्यांच्या मागून जाताना मला त्यांचा दम उजेडात दिसत होता. अंबडच्या अलीकडे पायी दिंड्या भेटू लागल्या. पताका खांद्यावर टाकलेली, टाळ पिशवीत घातलेले, अजून भजनाला सुरुवात न झालेली माणसं नुसती चालत होती. मामा प्रत्येक दिंडीपाशी खाली उतरायचे, "माउली" म्हणून वाकायचे आणि दिंडी संपेपर्यंत सायकल हातात धरून चालायचे. मीही. आमचा वेळ जात होता, पण तो आता आमचाच होता.

शहागडला गोदावरीच्या पुलावर वारा इतका होता की सायकल कठड्याकडे सरकत होती. नैर्ऋत्येचा वारा आणि आमचं तोंड दक्षिणेला. वाऱ्यातली सायकल ही चढावरच्या सायकलीपेक्षा वाईट. चढ संपतो तरी. गिअरवाले कंबरेत वाकून बसतात, त्यामुळे वारा डोक्यावरून जातो. काळ्या सायकलीवर माणूस ताठ बसतो, छाती शिडासारखी समोर. गेवराईच्या अलीकडे मागून घंट्या ऐकू आल्या. सगळा जथा आला होता. आणि मग त्यांनी, कुणी सांगितल्यावाचून, वेग उतरवला. चौघे पुढे झाले, मामांना मधे घेतलं, मला त्यांच्या मागे. पुढे सायकलस्वार असला की त्याच्या पाठीमागच्याला वारा कमी लागतो आणि बरीच ताकद वाचते, हे या खेळातलं जुनं शास्त्र. पुढचे दमले की बाजूला होऊन मागे यायचे, दुसरे पुढे जायचे. बारा-पंधरा किलोमीटर आम्ही असे गेलो. मामा आधी बावरले. मग म्हणाले, "गुर्जी, हे तर ताण्याबाण्यासारखं झालं." आणि त्यांनी तोपर्यंत कधी न गाठलेल्या वेगानं पॅडल मारायला सुरुवात केली.

बीडच्या अलीकडे एकाची ट्यूब फुटली. गोष्ट रचायची असती तर ज्यानं टेम्पोची सूचना केली त्याच मुलाची फोडली असती. पण ती बँकेतल्या गृहस्थांची फुटली. जवळची जादा ट्यूब त्यांनी आदल्या दिवशीच वापरली होती. त्या सायकलींची नळी बारीक, परदेशी पद्धतीची. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे ती ट्यूबही नव्हती आणि तिला चालणारा पंपही नव्हता. मामांनी ट्यूब मागून घेतली. पाण्याच्या बाटलीतून थेंब थेंब सोडून छिद्र शोधलं, काचकागदानं घासलं, सोल्यूशन लावून फुंकर घातली, आणि ठिगळ बसवून अंगठ्यानं दाबत बसले. तुटलेलं सूत मागावर चालत्या हातानं सांधणाऱ्या माणसाची बोटं ती. पंप माझ्याकडे होता. ते ठिगळ पंढरपूरपर्यंत टिकलं.

बीडपासून जवळच खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकातली. जमिनीखालून काढलेल्या बोगद्यांतून पाणी येतं आणि शेतांना जातं. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही सगळेच ती पाहायला थांबलो, कारण बऱ्हाणपूरच्या माणसाला असली विहीर चुकवता येत नाही. आमच्याकडे 1615 साली अब्दुल रहीम खानखानाच्या वेळी तबकुतुल अर्ज नावाच्या जाणकारानं सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी शंभराहून अधिक विहिरी जमिनीखालून एकमेकींना जोडत गावात आणलं. तोच आमचा कुंडी भंडारा. लोक त्याला खूनी भंडारा म्हणतात. मामा काठावरून वाकून म्हणाले, "एवढ्या लांब आलो आणि पाणी आपल्याच घरचं." मांजरसुंब्याचा घाट त्या दिवशी सगळ्यांनीच निम्मा चालत चढला. काही जणांना तो सायकलवर जमला असता. त्यांनीही खाली उतरून गप्पा मारत येणं पसंत केलं. येरमाळ्यापाशी ढग भरून आले, चार थेंब पडले, मातीचा वास सुटला आणि परत ऊन. बार्शीला भगवंताच्या देवळात आरतीला पोहोचलो. सगळे एकदम. जेवणाला थांबायचा प्रश्न आला नाही.

शेवटच्या दिवशी कुर्डुवाडीमार्गे पंढरपूर. ज्या पुलावरून चंद्रभागा प्रथम दिसते तिथं सायकली थांबल्या. आषाढी अजून अकरा दिवस लांब, तरी वाळवंटात माणसं होती. नदीला पाणी बेताचंच. मोठ्या सायकलवाऱ्यांत सायकलींचं गोल रिंगण करतात असं ऐकलं होतं. आम्ही सत्तावीसच होतो, तरी मुलांनी हौसेनं वाळवंटाच्या कडेला ते केलं. वाळूत मामांची जड सायकल रुतली. ते खाली उतरले आणि रिंगणाच्या मधोमध ती उभी धरून थांबले. बाकीच्या सायकली त्यांच्याभोवती फिरल्या. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, तसंच घडलं. मी पाहिलं तसं लिहितो आहे.

दर्शनाच्या रांगेला सात तास लागतील असं कळलं. डॉक्टरांनी विचारलं, थांबायचं की कळसाचं दर्शन घेऊन निघायचं? रात्री आठला टेम्पो आणि मोटार निघणार होती. सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, सोमवारी रात्रपाळी आहे, कळस पुरे. नामदेवाच्या पायरीपाशी त्यांनी डोकं टेकलं, बराच वेळ. बाहेर येऊन बुक्का घेतला, चुरमुऱ्या-बत्ताशांचा प्रसाद घेतला. एक पुडा साडूसाठी वेगळा बांधून घेतला. वडिलांसाठी म्हणून त्यांनी काही घेतलं का ते मी पाहिलं नाही, विचारलंही नाही.

टेम्पोत सायकली चढवायची एक रीत असते. महागड्या सायकलींचे सांगाडे नाजूक, त्यांना घोंगड्या-चादरी गुंडाळून वरच्या बाजूला ठेवतात. जड, दणकट ती खाली. त्यामुळे मामांची सायकल सगळ्यांच्या आधी चढली. ड्रायव्हरनं तिला दोर बांधला, हलवून पाहिली आणि म्हणाला, "ही चांगली बसलीय. आता हिच्यावर रचा."